नाचता येईना, अंगण वाकडं : नवा कॅमेरा आणि आपले धूसर फोटो



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय. शाळेच्या कॅमेऱ्यावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत किंवा घरात गेल्या काही वर्षांत डीएसएलआर कॅमेरा आला असेल. कुठे लोकवर्गणीतून, कुठे माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून, तर कुणी पगारातून हप्ते भरून घेतला असेल. आणि पहिल्याच महिन्यात एक वाक्य तोंडातून निघालं असेल, "एवढे पैसे घातले, पण फोटो काही स्वच्छ येत नाहीत. याच्यापेक्षा जुना बरा होता!"

हे वाक्य मीही म्हटलंय, तेही स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर. आज माझं मत असं आहे की हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. कॅमेरा बदलतो, पण आपला हात तोच राहतो, सवय तीच राहते. आणि मग आपण अंगणाला वाकडं म्हणतो. दुसरी लेन्स, तिसरी लेन्स घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की दुसऱ्यांदा खिशात हात घालण्याआधी आपलेच धूसर फोटो नीट तपासा. आपण मुलांच्या वह्या तपासतो ना, तसेच.

माईक स्वच्छ, मुलगी धूसर

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आईवडील कारखान्यावर आणि लेकरं आजी-आजोबांजवळ, असं पाच-सहा महिने चालतं. त्यामुळे २६ जानेवारीला झेंड्याजवळ मुलं असतात, गावातली म्हातारी माणसं असतात, पण आईबाप नसतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास आम्ही लोकवर्गणीतून नवा कॅमेरा घेतला होता. पाचवीतली एक मुलगी, हजेरीलासुद्धा मान खाली घालून 'उपस्थित' म्हणणारी, त्या दिवशी माईकसमोर उभी राहिली आणि संविधानाची उद्देशिका हातात कागद न घेता, न अडखळता म्हणाली. शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं वर पाहिलं. मी लांबून झूम करून नेमका तोच क्षण टिपला. स्क्रीनवर छोटं चित्र झकास दिसलं. मी खूश.

तिचे वडील तेव्हा कोल्हापूरकडं उसाच्या फडात होते. त्यांनी फोनवर मुद्दाम सांगितलं होतं, "बाई, पोरीचा फोटो तेवढा काढून ठेवा." मी तालुक्याला जाऊन प्रिंट काढून आणली आणि आजीच्या हातात दिली. आजीनं चष्मा सारखा केला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली,

"बाई, माईक लई भारी आलाय बघा. पर आमची पोरगीच धुक्यात उभी राह्यल्यावानी दिसायली."

खरंच होतं. माईकच्या जाळीची एकेक बारीक तार दिसत होती. त्याच्यामागं मुलीचा चेहरा मात्र पुसट. आजीनं काही तक्रार केली नाही, फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेली. मी मात्र शाळेत येऊन कॅमेऱ्याला नावं ठेवली. दुकानदारानं फसवलं असेल, लेन्सच खराब असेल, सगळं बोलून झालं.

मार्चमध्ये मी त्या मुलीला रिकाम्या मैदानावर पुन्हा माईकसमोर उभी केली आणि फोटो काढला. फोटो अगदी स्वच्छ आला. पण टाळ्यांच्या आवाजानं वर पाहणारा तो चेहरा काही त्यात नव्हता. तो परत यायचा नव्हता. तेव्हा मी ठरवलं, की हे यंत्र आधी नीट शिकायचं. पुढं जे लिहितेय ते त्या शिकण्यातून आलेलं आहे.

जुन्यात बरे यायचे, मग नव्यात का बिघडले?

हा प्रश्न सगळेच विचारतात. याची दोन सरळ कारणं आहेत.

पहिलं कारण सेन्सरचा आकार. आमचा जुना कॅमेरा खिशात मावणारा, १० मेगापिक्सेलचा होता. अशा छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६ मिमी रुंद असतो. आपण शाळेसाठी घेतो त्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३ मिमी रुंद असतो. क्षेत्रफळ काढून पाहा, बारा-तेरा पट मोठा. सेन्सर लहान असला की जवळचं आणि लांबचं दोन्ही बरंचसं स्वच्छ येतं. तुम्ही कुठंही नेम धरा, फारसं बिघडत नाही. मोठ्या सेन्सरमध्ये तसं नसतं. ज्या अंतरावर फोकस आहे ते स्वच्छ, त्याच्या पुढचं-मागचं धूसर. फोटोत मागचं दृश्य छान विरघळलेलं दिसावं म्हणून लोक जो कॅमेरा घेतात, तोच गुण आपल्याला माहीत नसला की दोष होतो.

माझ्या माईकच्या फोटोचा हिशोब मी नंतर मांडला. २०० मिमी झूम, अॅपर्चर एफ/५.६, मी साधारण ६ मीटरवर उभी. अशा वेळी स्वच्छ येणारा पट्टा असतो जेमतेम २० सेंटिमीटरचा, म्हणजे फोकसच्या पुढं सुमारे १० आणि मागं सुमारे १०. माईक तोंडापासून वीतभर पुढं होता. कॅमेऱ्यानं माईकवर फोकस केला आणि मुलगी पट्ट्याच्या बाहेर गेली. यात दुकानदाराचा काय दोष?

दुसरं कारण आपली पाहण्याची पद्धत. १० मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३६०० पिक्सेल रुंद असतो, २४ मेगापिक्सेलचा ६०००. संगणकावर पूर्ण मोठा करून पाहिला की नवा फोटो आपण दीडपटीहून जास्त जवळून पाहत असतो. मग हाताचा जो कंप जुन्यात लपून जात होता, तो इथं उघडा पडतो. जवळून पाहिलं तर भिंतीवरचे चुन्याचे ओघळ दिसतातच. आणि एक लक्षात ठेवा, ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला उत्तम छपाईसाठीसुद्धा १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. म्हणजे जेमतेम २० लाख पिक्सेल. तेव्हा स्क्रीनवर डोळे घालून पिक्सेल मोजत बसू नका. प्रिंटमध्ये किंवा पूर्ण स्क्रीनभर फोटो कसा दिसतो, ते आधी पाहा.

धूसर फोटो पुसू नका, तपासा

मुलानं गणित चुकवलं तर आपण नुसती फुली मारून थांबतो का? हातचा विसरला, की चिन्ह चुकलं, की प्रश्नच समजला नाही, ते पाहतो. कारण प्रत्येक चुकीवर उपाय वेगळा. धूसर फोटोचंही अगदी तसंच आहे. 'फोटो ब्लर आला' हे उत्तर नाही. कशानं आला, ते फोटोच सांगतो.

१. फोटोतलं सगळंच, झाड, भिंत, मूल, एकाच दिशेनं ओढल्यासारखं दिसतं. तर कॅमेरा हलला.

२. भिंत आणि झाड स्वच्छ, पण मूल ओघळलेलं. तर मूल हललं आणि शटर त्यामानानं सावकाश होतं.

३. मूल धूसर, पण फोटोत दुसरंच काहीतरी एकदम स्वच्छ, उदाहरणार्थ माईक, फुलदाणी, पुढच्या रांगेतल्या मुलाचं डोकं. तर फोकस चुकला.

४. एक रांग स्वच्छ आणि पुढची किंवा मागची रांग धूसर. तर स्वच्छ पट्टा अपुरा पडला.

५. काहीच कुठं स्वच्छ नाही, सगळ्यावर दुधट पडदा. तर लेन्सवर बोटांचे ठसे, धूळ, बुरशी किंवा स्वस्तातला फिल्टर.

आम्ही मागच्या तीन महिन्यांतले धूसर फोटो काढून एकेका खान्यात टाकले. सगळ्यात जास्त दुसऱ्या आणि तिसऱ्या खान्यात गेले. लेन्सचा दोष म्हणावा असा एकही निघाला नाही. तुमच्याकडचे फोटो असेच वेगवेगळे लावून पाहा. स्टाफरूममधले निम्मे वाद तिथंच मिटतील.

शटर स्पीड : हा तर गणिताचा तास

शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा. १/६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. आपल्याला वाटतं, एवढ्याशा वेळात काय हलणार? चला, मुलांना फळ्यावर सोडवायला देऊ.

एक मुलगा १०० मीटर २० सेकंदांत पळतो. म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ५०० सेंटिमीटर. १/६० सेकंदात तो किती सरकेल? ५०० भागिले ६०, म्हणजे ८ सेंटिमीटरहून जास्त. फोटोत त्याचं नाक आठ सेंटिमीटर पसरलं, तर ते नाक राहील का? १/५०० ला तो सरकतो १ सेंटिमीटर. १/१००० ला अर्धा. म्हणून धावणं, लंगडी, खो-खो, कबड्डी यांना १/५०० च्या खाली जाऊ नका, जमलं तर १/१००० ठेवा. माईकसमोर बोलणाऱ्या मुलाला १/२००. वर्गात लिहीत बसलेल्या मुलांना १/१२५. गट फोटोला १/१२५ किंवा त्याहून वेगवान, कारण चाळीस मुलांत एक तरी हलतंच.

ही अडचण आजची नाही. पॅरिसमध्ये १८३८ साली दागेर यांनी खिडकीतून एका मोठ्या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती. पण प्रकाश कित्येक मिनिटं पडू द्यावा लागला, त्यामुळे चालणारं सगळं पुसून गेलं. ठळक उरली ती एक आकृती, बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय ठेवून थांबलेल्या माणसाची. मुलांना ही गोष्ट सांगा. हलणारा माणूस फोटोतून नाहीसा होतो, हे त्यांना एका मिनिटात कळतं.

आता हाताचा कंप. जुना ठोकताळा असा, की लेन्स जेवढ्या मिलिमीटरवर असेल, निदान तेवढा शटर स्पीड हवा. आपल्या डीएसएलआरचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान, म्हणून त्या आकड्याला दीडनं गुणायचं. ५५ मिमीवर साधारण १/८०, २०० मिमीवर १/३००. २४ मेगापिक्सेलचा फोटो मोठा करून पाहणार असाल, तर आणखी दुप्पट धरा. "पण आमच्या लेन्समध्ये कंप थांबवायची सोय आहे," असं म्हणाल. आहे, आणि चांगली आहे. पण ती आपला हात सावरते, पळणाऱ्या मुलाला थांबवत नाही. हे लक्षात न घेतल्यानं कितीतरी स्नेहसंमेलनं वाया जातात.

कॅमेऱ्याच्या वरच्या चकतीवर ऑटोचं हिरवं चिन्ह असतं. तिथं ठेवलं तर शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत समोर लंगडी चाललीय की प्रार्थना? निकॉनवर 'एस' आणि कॅननवर 'टीव्ही' असं लिहिलेल्या खुणेवर चकती आणा. आता शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, बाकीचं कॅमेरा पाहील. नव्या माणसानं एवढा एक बदल केला, तरी निम्मं काम झालं असं मी म्हणेन.

दाणे चालतील, हलणं नको

वर्गात उजेड किती कमी असतो ते डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. आमच्या ट्यूबलाइटच्या वर्गात आयएसओ १०० आणि एफ/५.६ ठेवलं, तर शटर सुमारे पाव सेकंद उघडं ठेवावं लागतं. पाव सेकंद! कुठलं मूल पाव सेकंद न हलता बसेल? आयएसओ ३२०० केलं, की तेच शटर साधारण १/१२५ वर येतं.

कुणीतरी सांगितलेलं असतं, "आयएसओ वाढवू नका, फोटोत दाणे येतात." येतात, खरं आहे. पण दाणेदार फोटोत मुलाचे डोळे दिसतात, हललेल्या फोटोत दिसत नाहीत. दाणे नंतर थोडे कमी करता येतात, हललेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट परत येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, वर्गात आयएसओ १६०० ते ३२०० बिनधास्त वापरा. आणि त्याआधी फुकटातला उपाय करा. खिडक्या उघडा, मुलांना खिडकीजवळ बसवा, गट फोटो वर्गात न घेता सकाळी व्हरांड्याच्या सावलीत घ्या.

फोकस कुठं, ते तुम्ही ठरवा

कॅमेरा स्वतःच्या मनानं फोकस करतो तेव्हा बहुधा सगळ्यात जवळची, ठळक वस्तू धरतो. कार्यक्रमात सगळ्यात जवळ काय असतं? माईक, टेबलावरचा गुच्छ, पाहुण्यांचा फेटा. म्हणून मेनूत जाऊन एकच फोकस बिंदू निवडा आणि तो मुलाच्या डोळ्यावर ठेवा. बटण अर्धं दाबा, 'पीप' आवाज येऊ द्या, मग पूर्ण दाबा. आमच्यापैकी बरेच जण दारावरची बेल दाबावी तसं एका दणक्यात बटण दाबतात. त्यानं कॅमेरा हलतो आणि फोकस कुठं बसला ते पाहायला वेळही मिळत नाही.

माईकसमोरच्या मुलाचा फोटो समोरून घेऊ नका. दोन पावलं बाजूला व्हा. माईक चेहऱ्यावरून हटतो आणि फोकसचा गोंधळही संपतो. धावणाऱ्या मुलांसाठी सतत फोकस करणारी पद्धत निवडा. निकॉनवर ती 'एएफ-सी', कॅननवर 'एआय सर्वो' नावानं मिळेल.

गट फोटोला तीन रांगा असतील तर एफ/८ ठेवा आणि फोकस पुढच्या रांगेवर न करता मधल्या रांगेवर करा. कुणी हौसेनं ५० मिमीची एफ/१.८ लेन्स घेतली असेल, तर गट फोटोला ती पूर्ण उघडी ठेवून वापरू नका. ६ मीटरवरून तिचा स्वच्छ पट्टा जेमतेम एक मीटरचा असतो. पुढचे तरी जातील किंवा मागचे तरी. उलट एफ/२२ वर नेलं की सगळंच स्वच्छ येईल, असंही नाही. भोक फार बारीक झालं की प्रकाश कडेला वाकतो, विज्ञानात आपण ज्याला विवर्तन म्हणतो, आणि सगळ्याच फोटोची धार जाते. एफ/८ हा शाळेचा आकडा समजा.

चष्मा असलेल्या सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट. डोळा लावून पाहताना आतले आकडेच धूसर दिसत असतील, तर व्ह्यूफाइंडरशेजारी एक छोटं चाक असतं, ते फिरवून आकडे स्वच्छ करून घ्या. त्यानं फोटो बदलत नाही, पण आपल्याला कळतं की आपण काय पाहतोय. आमच्या मुख्याध्यापक सरांनी हे चाक फिरवलं आणि म्हणाले, "अरेच्चा, मी तर डोळ्यांचे थेंब आणणार होतो!"

हात कसा धरायचा

डावा तळहात लेन्सच्या खाली, उजव्या हातात कॅमेरा, दोन्ही कोपरं पोटाजवळ, पाय थोडे फाकलेले. भिंत असेल तर पाठ टेका, खांब असेल तर खांदा टेका. श्वास अर्धा सोडा आणि बटण हळूच दाबा. एकाऐवजी तीन फोटो सलग घ्या, मधला बहुधा सगळ्यात स्थिर असतो. तिवई नसेल तर बाक आहे, पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा आहे. त्यावर कॅमेरा ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

आणि कॅमेऱ्याचाच दोष असेल तर?

असू शकतो. मी यंत्राला देव मानत नाही. पण आरोप करण्याआधी परीक्षा घ्या, ती वीस मिनिटांत होते. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. दिवसा, चांगल्या उजेडात कॅमेरा टेबलावर किंवा तिवईवर पक्का ठेवा. आयएसओ १००, अॅपर्चर एफ/५.६, दोन सेकंदांचा टायमर. तीन फोटो व्ह्यूफाइंडरनं घ्या, प्रत्येक वेळी नव्यानं फोकस करून. तीन फोटो लाइव्ह व्ह्यूनं, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून घ्या. मग अक्षरं मोठी करून पाहा.

दोन्हीकडची अक्षरं स्वच्छ आली, तर कॅमेरा निर्दोष सुटला. कोर्टात आता आपण उभे. लाइव्ह व्ह्यूची स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरची धूसर आली, तर फोकसची जुळणी बिघडलेली असू शकते, कारण या दोन्ही वेळी कॅमेरा वेगळ्या पद्धतीनं फोकस करतो. तेव्हा कॅमेरा आणि लेन्स दोन्ही घेऊन दुरुस्ती केंद्रात जा. हमीच्या काळात असाल तर उशीर करू नका. दोन्हीकडची धूसर आली, तर फिल्टर काढा, लेन्स मऊ कापडानं पुसा, पुन्हा घ्या. तरीही धूसर असेल तर लेन्समध्ये दोष आहे.

आम्ही ही परीक्षा सातवीच्या मुलांसमोर घेतली. आमचा कॅमेरा पास झाला. मुलं माझ्याकडं पाहून हसली, मीही हसले. नापास कोण, ते कळलं होतं.

स्वच्छ फोटो पाठवताना बिघडतो

आणखी एक गंमत. इतकं करून फोटो छान आला आणि आपण तो व्हॉट्सअॅपच्या पालक गटावर टाकला, की तिथं तो दाबून लहान होतो आणि पुन्हा मऊ दिसतो. पालक म्हणतात, "बाई, मोबाइलवरच काढत जा की!" प्रिंट काढायला देणार असाल, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडून ठेवू नका, दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

"मग मोबाइलच बरा नाही का?" हा प्रश्न रास्त आहे. भरपूर उजेडात, जवळून, मोबाइल उत्तम फोटो काढतो. तो स्वतःच फोटोला धार लावतो, उजळवतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाची खो-खो, व्यासपीठावरचा चेहरा, अंधाऱ्या सभागृहातलं नाटक, तिथं डीएसएलआर कामाला येतो. अट एकच, तो चालवणाऱ्याला यायला हवा.

पैसे कुणाचे आणि फोटो कुणासाठी?

मला खरं बोलायचंय ते इथं. आपल्या शाळांत वस्तू घ्यायला उत्साह असतो, शिकायला नसतो. संगणक येतो, प्रोजेक्टर येतो, कॅमेरा येतो. उद्घाटन होतं, नारळ फुटतो. नीट चालत नाही म्हणून वस्तू कपाटात जाते आणि आपण पुढच्या वस्तूची मागणी लिहितो. आमच्या कॅमेऱ्यात ऊसतोड करणाऱ्या माणसांचे शंभर-दोनशे रुपये होते. त्या पैशांना उत्तर द्यायचं असेल, तर आधी त्या कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका वाचायला हवी. मी ती चार महिन्यांनी उघडली, हे लिहायला मला लाज वाटते.

आणि दुसरं. आपण फोटो काढतो ते बहुधा अहवालासाठी. पाहुणे, फलक, हार आणि सत्कार यात आले की काम झालं. मुलं मागं धूसर असली तरी कुणाचं अडत नाही. पण ज्या घरात लेकराचे मोजून दोन-तीन फोटो आहेत, तिथं आपण काढलेला फोटो भिंतीवर लागतो. आईबाप सहा महिने लांब राहून तोच पाहतात. तो स्वच्छ काढणं ही हौस नाही, ते आपलं काम आहे. अक्षर सुंदर काढा असं मुलांना सांगतो, तेवढीच काळजी आपण त्यांच्या चेहऱ्याची घ्यायला हवी.

पालकांनाही सांगते. मुलांच्या हातात कॅमेरा द्या. "पडेल, बिघडेल" म्हणून कपाटात ठेवलेला कॅमेरा कुणालाच शिकवत नाही. पट्टा गळ्यात घालायला लावा आणि द्या. शटर स्पीडमधून अपूर्णांक कळतात, लेन्समधून प्रकाश कळतो, आणि अर्धं बटण दाबून थांबण्यातून धीर कळतो.

ती पाचवीतली मुलगी आता सातवीत आहे. यंदाच्या १५ ऑगस्टला कॅमेरा तिच्या गळ्यात होता. पहिलीतलं एक लेकरू माईकसमोर कविता म्हणत होतं. मी लांबून पाहत होते. ती आधी समोर उभी राहिली, मग आपणहून दोन पावलं बाजूला सरकली, कोपरं पोटाशी घेतली आणि थांबली. 'पीप' ऐकू आलं. मग तिनं बटण दाबलं.

त्या लेकराचे आईवडीलही दिवाळीनंतर फडात जाणार आहेत. फोटोत त्याचे दोन्ही डोळे स्वच्छ आलेत, पापण्या मोजता येतील इतके. माईक थोडा धूसर आहे. असू दे.

तुमच्या कपाटातला कॅमेरा आज बाहेर काढा, भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा आणि परीक्षा घ्या. आधी त्याची, मग आपली.